हँडबिलावरचं नाव

आमच्या माळ्यावर अजून एक गठ्ठा पडून आहे. चकचकीत आर्ट पेपर, चार रंग, मधोमध इंटरनेटवरून घेतलेलं थाळीचं छायाचित्र. त्या थाळीतल्या वाट्यांसारख्या वाट्या आमच्या घरात कधीच नव्हत्या. ३००० छापले होते, सहाशे-सातशे उरले. मागची बाजूही गुळगुळीत, बॉलपेन घसरतं, त्यामुळे हिशेब लिहायलाही त्यांचा उपयोग नाही. हे हँडबिल मी केलं होतं. त्यावर सगळं आहे, फक्त डबा कोण करतं तेवढं नाही.

गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली. दुल्हेभाई ट्रक चालवायचे. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वर्षभर स्टिअरिंगवर बसायला मनाई केली. दोन मुलांची शाळा, घराचा हप्ता, औषधं. आपाच्या हाताला चव आहे हे सगळ्या खानदानाला ठाऊक होतं, पण खानदान जेवायला येतं, पैसे देत नाही. मग तिनं ठरवलं, दवाखान्यात पेशंटबरोबर आलेल्या माणसांसाठी डबे करायचे.

मिरजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमचं गाव सतारींसाठी जितकं ओळखलं जातं तितकंच दवाखान्यांसाठी. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, आणि नंतर गल्लोगल्ली दवाखाने झाले. जत, सांगोला, बेळगाव, विजापूर, बागलकोट, कुठून कुठून माणसं रेल्वेनं आणि एसटीनं येतात. पेशंटची सोय होते. त्याच्याबरोबर आलेली दोन-तीन माणसं मात्र जिन्यात, व्हरांड्यात चटई टाकून आठ-आठ दिवस वडापाव आणि चहावर काढतात. गिऱ्हाईक समोर होतं. फक्त त्यांना कळवायचं होतं.

आणि कळवण्याचं काम माझं, कारण मी नऊ वर्षं डीटीपी केलेलं. दुसऱ्यांची लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स करून करून मला वाटू लागलं होतं की जाहिरातीतलं आपल्याला कळतं.

नाव घालायचं नाही हा निर्णय माझा. त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास कर्नाटकात हलाल मटणावर बहिष्काराची मोहीम झाली होती, आणि आमचं निम्मं गिऱ्हाईक कर्नाटकातून येणार होतं. आपाचं नाव वाचलं की माणूस कागद खाली ठेवणार, असं मी धरून चाललो. म्हणून वर ‘घरगुती, स्वच्छ, रुचकर’, खाली मोबाइल नंबर. आपानं स्क्रीनकडे बघत विचारलं, “और मेरा नाम?” मी म्हणालो, “नंबर आहे की.” ती गप्प बसली. गप्प बसणं म्हणजे होकार, असं आपल्याकडे भाऊ लोक नेहमीच समजतात.

छपाईचे ४५०० रुपये झाले. २००० हँडबिलं पेपरमध्ये टाकायला दिली, पेपर वाटणाऱ्या पोरांचे हजाराला ४०० प्रमाणे ८००. एकूण ५३००. आलेले फोन ११. त्यातले दोघं ‘हॉटेल कुठंशी आहे’ विचारणारे, एक जण लग्नाचं केटरिंग करता का विचारणारा, एक माझाच मित्र. डबे लावले दोघांनी.

कारण आज इतकं सरळ वाटतं की लिहायलाही लाज वाटते. ज्या घरात सकाळी पेपर येतो त्या घरात शेगडी असते. ज्याला डबा हवा तो वॉर्डाबाहेर चटईवर, त्याच्याकडे पेपर कोण टाकणार? मी सगळ्या गावाला सांगितलं आणि ज्याला भूक लागली होती त्याला सोडून दिलं.

पण ५३०० रुपयांचं दुःख वेगळं आणि पुढचं वेगळं. लावलेल्या दोघांपैकी एकानं वडिलांच्या ऑपरेशनसाठी पाच दिवसांचे चार-चार डबे सांगितले होते. त्याच्या मावशीच्या घरी पेपरमधून आमचा कागद आला होता. दोन दिवस डबे चाटूनपुसून परत आले. तिसऱ्या दिवशी डबे घेऊन भाचा गेला. तेव्हा तो आठवीत होता. त्या गृहस्थांनी सहज नाव विचारलं, त्यानं सांगितलं. त्या संध्याकाळी चारही डबे भरलेले परत आले. थोड्या वेळानं मला फोन. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, “खायचं की नाही ते आम्ही ठरवलं असतं. तुम्ही लपवलंत कशाला?”

नकार आला तर काय बोलायचं ते मी मनात तयार ठेवलं होतं. बरंच जोरदार होतं ते. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे काहीच नव्हतं. आपानं डबे रिकामे केले, आमटी दुसऱ्या पातेल्यात ओतली आणि भाच्याला म्हणाली, तू बरोबर केलंस. माझ्याकडे बघितलं नाही.

रात्री अब्बांनी ते हँडबिल मागून घेतलं. अब्बा २६ वर्षं कंपॉझिटर होते. शिशाचे खिळे जुळवायचे, उलटी अक्षरं सुलट वाचल्यासारखी भराभर वाचायचे. ऑफसेट आला, केसेस भंगारात गेल्या, पुढं ते बायंडिंग करत राहिले. छापलेला कुठलाही कागद हातात आला की ते आधी अगदी खालची ओळ बघतात. तशीच बघितली. १८६७ च्या कायद्यानं छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण हवं, हे त्यांच्या पिढीला कलम्यासारखं पाठ. (तो कायदा २०२४ मध्ये गेला, त्याच्या जागी नियतकालिकांसाठी नवा आला. निवडणुकीच्या पत्रकावर मात्र मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं आजही लागतातच.) अब्बांनी हँडबिल उलटंपालटं केलं आणि म्हणाले, “छापनेवाले का नाम नीचे होता. पकानेवाली का ऊपर नको?”

दुसरं हँडबिल आम्ही असं केलं.

रंग एकच, काळा. प्रेसवाल्यांच्या मशीनवर काळी शाई नेहमी लागलेलीच असते, ती धुऊन दुसरी लावायचा खर्च पडत नाही. रंग हवा तर कागद रंगीत घ्यायचा. आकार अर्धा केला, एका तावात दुप्पट बसले. लग्नसराई संपलेली, प्रेसला काम कमी, “तुमच्या सवडीनं छापा, आठ दिवस लागले तरी चालेल” म्हटलं. या एका वाक्यानं दर जितका उतरतो तितका घासाघीस करून उतरत नाही. ४००० प्रतींचे २४०० रुपये झाले. व्हिजिटिंग कार्डं हजार, ४५० रुपयांत. तीही घाई नसेल तरच, कारण प्रेसवाला पंधरा-वीस गिऱ्हाइकांची कार्डं एका शीटवर जमली की एकदम छापतो.

वर आपाचं पूर्ण नाव. (इथे लिहीत नाही. ती म्हणाली, “तिथं नाव वाचून माणूस डबा मागवतो. तुझ्या लेखात वाचून काय मागवणार?”) त्याखाली, सकाळचा डबा साडेबारापर्यंत, रात्रीचा साडेसातपर्यंत, कुठल्या भागात पोचेल, डब्यात काय काय असेल. ज्वारीची भाकरी पहिल्यांदा, चपाती नंतर. पेशंटसाठी मऊ भात आणि मुगाची खिचडी, सांगितल्यास बिनतिखट. शाकाहारी डब्याची भांडी आणि शेगडी वेगळी. मांसाहारी डबा बुधवार, शुक्रवार, रविवार, मटण-चिकन हलाल. या शेवटच्या ओळीवर मी पुन्हा अडखळलो. आपा म्हणाली, विजापूरकडून आपली माणसं पण येतात, त्यांनी विचारत बसायचं का? खाली अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा १४ आकडी क्रमांक. छोट्या घरगुती धंद्याला ती नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, आणि कागदावर तो क्रमांक दिसला की विचारणाऱ्याचे दोन प्रश्न कमी होतात.

दर छापला नाही. जागा मोकळी ठेवली आणि रबरी शिक्क्यानं मारला. गॅसचा सिलिंडर महागला की हजारो कागद खोटे ठरतात, शिक्का मात्र दीडशे रुपयांत नवा होतो.

मागच्या बाजूला हाच मजकूर कानडीत. मला कानडी बोलता येतं, लिहिता येत नाही. एका ओळखीच्यानं टाइप करून दिलं. अब्बा म्हणाले, ज्याला खायचंय त्यालाच प्रूफ दाखव. मी प्रूफ घेऊन वॉर्डाबाहेर गेलो. बागलकोटकडचे एक शेतकरी बायकोला घेऊन आले होते. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, ‘जोळद रोट्टी’मधली चूक दाखवली, आणि कागद परत न देता विचारलं, “आज मिळंल का?” छापायच्या आधीच पहिलं गिऱ्हाईक मिळालं. नाव त्यांनी वाचलं होतं, सगळ्यात वर तेच होतं.

कागदाचा रंग निवडताना आणखी एक प्रसंग झाला. त्या दिवशी प्रेसमध्ये हिरव्या कागदाचं अख्खं रीम शिल्लक होतं, स्वस्तात देत होते. मी घेतलं नाही. का ते तुम्हाला सांगायला नको. पिवळा, गुलाबी आणि फिकट निळा असे तीन घेतले. मजकूर एकच, पण पिवळा फक्त लॉजवर, गुलाबी रिक्षा स्टँडवर आणि निळा औषधांच्या दुकानात. फोन आला की आपा विचारायची, “कागद कुठल्या रंगाचा हाय तुमच्याकडं?” लोकांना वाटायचं रंगावर काहीतरी सूट आहे. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारल्या. महिन्याच्या शेवटी गुलाबी सात, पिवळे १६, निळे ४१.

निळ्यांमागची हकिगत अशी. मी आधी गठ्ठेच्या गठ्ठे दुकानांत ठेवून आलो होतो. काउंटरवर ठेवलेला शंभराचा गठ्ठा कुणी उचलत नाही. दोन दिवसांनी त्यावर चहाचा कप येतो, चौथ्या दिवशी तो काउंटरखाली जातो. आपा म्हणाली वीस-वीसच ठेव, संपले का बघायला मीच जाते. ती दर आठवड्याला गेली. दुकानदाराशी बोलायची, तुम्ही पाठवलेले अमके आजोबा बरे होऊन गावी गेले असं सांगायची. हे सांगणं माझ्या डोक्यात आलंच नसतं. आपण माणसाकडून काम घेतो, पण त्याच्या कामाचं पुढं काय झालं ते त्याला कळवत नाही.

त्यात एका दुकानाचे मालक जैन. त्यांनी स्पष्ट सांगितलं, आधी स्वयंपाकघर बघू द्या. आपानं दुसऱ्याच दिवशी बोलावलं. आले, दोन्ही शेगड्या बघितल्या, भांड्यांवर रंगानं केलेल्या खुणा बघितल्या, कोरा चहा घेतला. जाताना म्हणाले, “मी स्वतः खाणार नाही हं, ते आमचं नियमाचं आहे. पण माणसं पाठवीन.” आजवर सगळ्यात जास्त माणसं त्यांनीच पाठवली आहेत. त्यांच्याच दुकानात औषधं घालून द्यायची खाकी पाकिटं पाहून मला सुचलं की त्यांच्या कोऱ्या बाजूवर आपला शिक्का मारून दिला तर? ते म्हणाले, मारा. आम्ही पाकिटांचे गठ्ठे रात्री घरी आणायचो, भाचा आणि भाची जमिनीवर बसून ठोकायची, पाचशे पाकिटं एका रात्रीत. शाई वाळू द्यावी लागते, नाहीतर ती हाताला लागते. खर्च शिक्क्याचा आणि शाईचा. पेशंटचं माणूस दिवसातून चारदा जे हातात घेतं, त्यावर आमचा नंबर. माझ्या नऊ वर्षांच्या डीटीपीतली सगळ्यात चांगली जाहिरात ही, आणि तिच्यात डीटीपी नाहीच.

सगळीकडे असं गोड झालं नाही. एका लॉजच्या मॅनेजरनं डब्यामागे दहा रुपये मागितले. दुल्हेभाई म्हणाले देऊ, आपा म्हणाली नको, मग ते दहा रुपये डब्यातनंच जाणार. तिथले पिवळे कागद दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात दिसले. एका दवाखान्याच्या भिंतीला भाच्यानं हौसेनं चार हँडबिलं चिकटवली, तर वॉचमननं त्याला बसवून ठेवलं. चूक आमची होती. भिंती, खांब विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे, आणि परवानगीशिवाय चिकटवलेला कागद गिऱ्हाईक आणत नाही, भांडण आणतो. आणि एका खेपेला मीच नंबरातला एक आकडा चुकवला. हजार कागद. शिक्का मारून दुरुस्त केले, पण त्याआधी वाटलेल्या सत्तर-ऐंशी कागदांवरून तासगावच्या कुणा सद्गृहस्थाला दोन आठवडे भाकरीच्या ऑर्डरी येत होत्या. त्यांनीच शेवटी चौकशी करून आम्हाला कळवलं. तेव्हापासून घरात नियम आहे, प्रूफवरचा नंबर वाचायचा नाही, प्रूफ बघून फोन लावायचा.

गल्लीतल्या गणेश मंडळाच्या अहवालात आपानं पाव पानाची जाहिरात दिली, ५०० रुपये. उरुसाच्या पत्रकात तेवढेच. दोन्हींतून एकही डबा आला नाही, आणि हिशेबात मी ते पैसे वाया गेले असं लिहिलं होतं. आपानं ती ओळ खोडली. पुढं तिला गॅस कमी पडला तेव्हा मंडळाच्या पोरांनी स्कूटरवरून सिलिंडर आणून दिला. तरीही माझं मत असं की ती जाहिरात नव्हे, वर्गणी. दोन्ही द्याव्यात, पण वेगवेगळ्या वहीत लिहाव्यात.

नाव छापल्यामुळे किती गिऱ्हाईक गेलं? मोजता येत नाही. नाव वाचून कागद खाली ठेवणारे आहेत, मी स्वतः लॉजच्या काउंटरपाशी उभा राहून पाहिलेत. पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. पण ते फोन करत नाहीत, तिसऱ्या दिवशी भरलेले डबे परत येत नाहीत, आणि भाच्याला कुणी नाव विचारलं तर मी घरी बसून घाबरत नाही. तीन महिन्यांत रोजचे ३५ डबे झाले. सणाला वीस होतात, पावसाळ्यात पन्नास.

२०२४ च्या जुलैमध्ये उत्तरेत कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींना मालकाचं नाव लावायची सक्ती झाली, तेव्हा एका मित्रानं मला म्हटलं, “तुम्ही तर आपणहून लावलंत, मग यात वाईट काय?” सर्वोच्च न्यायालयानं २२ जुलैला त्या आदेशांना अंतरिम स्थगिती दिली, कुठल्या प्रकारचं अन्न आहे ते सांगायला लावता येईल, मालकाचं नाव लावायची सक्ती नको, असं म्हटलं. मित्राला मी न्यायालयाचं सांगितलं नाही. आपाचं सांगितलं. तिचं नाव मी एकदा तिला न विचारता काढून टाकलं होतं, तेव्हाही ती अशीच गप्प बसली होती. कुणी काढलं काय नि कुणी लावायला लावलं काय, तिला विचारलं कुणी?

गेल्या आठवड्यात कागद संपले. दुल्हेभाई आता पुन्हा गाडीवर जातात, पण धंदा आपानं सोडला नाही, भाचीचाही नंबर खाली घालायचा होता. मी प्रूफ काढून आणलं. अब्बांना आता बारीक अक्षर दिसत नाही, तरी प्रूफ त्यांच्याच हातात जातं. खिडकीपाशी बसून त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, आधी खालची ओळ, मग वरची. मग मोबाइल मांडीवर ठेवून एकेक आकडा कागदावर बोट ठेवत दाबला.

स्वयंपाकघरात फोन वाजला. पिठाच्या हातानं उचललेला कळत होता.

“हां, बोला,” आपाचा आवाज आला. “किती डबे?”